बिनमिठाचा रंग

आमच्या घरात ‘कच्चा’ हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. एखादा माणूस शब्द देऊन फिरला, की अप्पा म्हणायचे, “कच्चा आहे, पहिल्या धुण्याला जाईल.” भाडेकरू ठेवताना, सोयरीक बघताना, मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला चहा देऊन वाटेला लावताना त्यांची हीच एक कसोटी असे. आम्ही रंगारी. मैसूरला अग्रहारात आमचं घर, मागच्या अंगणात दोन काहिली, एक दगडी हौद आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोऱ्या. किती पिढ्यांपूर्वी इथे आलो ते कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, तीही निम्मी कन्नडात बुडवून काढलेली. महाराष्ट्र आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा कुणीतरी अप्पांना विचारलं, तुम्ही आता कुठले म्हणायचे? अप्पा म्हणाले, “ह्याच गल्लीतले.” आणि काहिलीकडे वळले.

आई मी लहान असतानाच गेली. घर आत्या चालवायची. ती अप्पांची थोरली बहीण, बाविसाव्या वर्षी नवरा गेला म्हणून माहेरी परतलेली. काथासारख्या तपकिरी रंगाशिवाय दुसऱ्या रंगात मी तिला कधी पाहिलं नाही. लहानपणी मला वाटे, हिला तोच आवडतो. मुलांना काय, काहीही वाटतं.

आणि अण्णा. थोरल्या भावाला आम्ही कन्नडातल्यासारखं अण्णा म्हणत असू. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, बडबड्या, खायला पुढे आणि हौद घासायला मागे. पण हिरवा रंग त्याच्यासारखा कुणाला जमत नसे, अप्पांनासुद्धा. तो हिरवा मोठा लहरी. काहिलीतून काढताना कापड निळसर दिसे. ते वाऱ्यावर झटकायचं, धरायचं, पुन्हा झटकायचं, मग डोळ्यांदेखत हिरवा उघडत जाई. केव्हा थांबायचं हे ओळखण्यात सगळी कारागिरी. अण्णा कापड झटकताना शीळ घालायचा आणि शीळ संपली की रंग बरोबर झालेला असे. एकदा बसलेला तो हिरवा कापड फाटेल पण जाणार नाही, असा पक्का.

तो सैन्यात गेला त्याला कुणाचं भाषण कारण नव्हतं. कारण होतं त्याची नखं. आमच्याकडे सगळ्यांची नखं बारमाही रंगलेली. कारकुनाच्या नोकरीसाठी तो दोन ठिकाणी जाऊन आला, आणि दोन्हीकडे लोकांनी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. तिसऱ्या वेळी तो सरळ बेंगळूरला भरतीला गेला. तिथल्या डॉक्टरने निळी नखं पाहून त्याचं काळीज तीनदा तपासलं म्हणे. आजार नाही, धंदा आहे, हे पटवता पटवता याच्या नाकी नऊ आले. परतल्यावर गल्लीभर त्या डॉक्टरची नक्कल करून दाखवत होता. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. पण त्याला अडवलंही नाही.

त्याची पत्रं मराठीत असत, पण अक्षरं कन्नड, कारण आम्हाला तीच येत. एका पत्रात लिहिलं होतं, “अप्पांना सांगा, इथल्या वर्दीचा हिरवा अगदी कच्चा. तीन धुण्यांत पांढरा पडतो. आपण रंगवून दिला तर सरकार सुधारेल.” अप्पांनी ते पत्र गिऱ्हाइकांना वाचून दाखवायला दुकानात ठेवलं होतं.

लग्न झालं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. वैनी नंजनगूडची, शाळामास्तरांची मुलगी, माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. लग्नानंतर तो एकदाच रजेवर आला. त्या रजेत बाजारातून एक पांढरी सुती साडी आणली, साधीच, बारीक काठाची, आणि सगळ्यांना अंगणातून बाहेर काढून ती स्वतः रंगवली. मी दाराच्या फटीतून बघत होते. त्या दिवशी त्याने शीळ फार वेळ घातली. वाळलेली साडी वैनीच्या हातात देताना म्हणाला, “ही विटली तर मला परत पाठवा.” वैनी लाजून आत पळाली. मी पुढे आठवडाभर तिला त्यावरून चिडवत होते.

एकाहत्तरची ती लढाई पुरती पंधरा दिवसही चालली नाही. लोक रेडिओभोवती जमत, जिंकल्यावर चौकात पेढे वाटले गेले, आमच्याकडेही पुडा आला. त्यानंतर चार दिवसांनी तार आली. अण्णा लढाईच्या पहिल्याच आठवड्यात गेला होता. म्हणजे आम्ही ते पेढे खाल्ले तेव्हा तो नव्हताच. हे मला फार दिवस छळत राहिलं, अजूनही पेढा घशाखाली उतरत नाही.

त्याला तिकडेच अग्नी दिला होता. घरी आली ती एक लोखंडी पेटी. तिच्यात वर्दी, पत्र्याचा मग, दाढीचं सामान आणि आमची पत्रं. अप्पांनी वर्दी उलटून पाहिली, खांद्याजवळ खरोखरच पांढरी पडली होती. ती घडी करून त्यांनी पुन्हा पेटीत ठेवली. मी रडले नाही. पंधरा वर्षांची होते, काय करायचं ते समजत नव्हतं, म्हणून हौद घासत बसायचे. रोज. जे काम तो चुकवायचा तेच.

महिन्याभराने आत्याने वैनीच्या साड्या काढल्या. आमच्यात तेव्हा रीत अशी, की नवरा गेलेल्या बाईने हिरवं नेसायचं नाही. उजळ साड्या कुणा सवाष्णीला द्यायच्या, नाहीतर रंगवून काथी करायच्या. गावातल्या कितीतरी घरांची अशी कापडं आमच्याचकडे येत. नवं गाठोडं आलं, की कुणाकडे काय झालं ते आम्हाला कळे. आत्याने साड्यांचे दोन ढीग केले. हिरवी तिने द्यायच्या ढिगावर ठेवली.

वैनी इतके दिवस कुणाशी बोलली नव्हती. ती म्हणाली, “आत्या, ही द्यायला बेडा.” बेडा म्हणजे नको.

“मग रंगवायला पाहिजे.”

“अशीच पेटीत राहू दे ना.”

“पेटीत सुम्मने, उगीच कशाला ठेवायची? आज पेटीत, उद्या अंगावर. ऊरातली, गावातली माणसं मला विचारतील.” आत्या कठोरपणे बोलली नाही. जसं तिला सांगितलं गेलं होतं तसंच तिने सांगितलं. मग अप्पांकडे वळून म्हणाली, “माझ्या तूच रंगवल्यास, अल्वा, नाही का? पक्क्या केल्यास. हिची पण कर.”

अप्पांनी मान हलवली. वैनी बराच वेळ साडीवर हात ठेवून बसली आणि मग म्हणाली, “रंगवा मामा. पण घरातच राहू दे.”

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला शाळेत पाठवलं, आत्याला देवळात पाठवलं आणि एकट्याने काहील पेटवली. संध्याकाळी साडी दोरीवर होती, काथी. तिच्या आतल्या टोकाला, कमरेत खोचतात त्या बाजूला, दोऱ्याने करकचून बांधलेली गाठ होती. ही आमची खूण. गिऱ्हाइकांची कापडं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कोपऱ्याला गाठ मारायची, कुणाला एक, कुणाला दोन. गाठीच्या आत रंग जात नाही, म्हणून शेवटी ती सोडून तेवढा कोपरा पुन्हा बुडवायचा. आणि ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा नियम अप्पांनी आम्हाला कान पिळून शिकवला होता. पण घरच्या कापडाला कुणी खूण करत नाही. मला वाटलं, अप्पांचं भान सुटलंय.

पहिल्याच धुण्याला बादली चहासारखी तपकिरी झाली.

माझा विश्वास बसेना. अप्पांच्या हातचा रंग आणि सुटतो? दुसऱ्या धुण्यालाही तेच. आमचं धुणं सार्वजनिक नळावर, तिथे चार घरच्या बायका. त्यांच्या जिभेला हाड नाही. एकीने तोंडावर सांगितलं, “मुलगा गेला आणि म्हाताऱ्याचा हात पण गेला बघ.” बातमी पसरायला आठवडा पुरला. लग्नाच्या कापडांची दोन गाठोडी, जी दरवर्षी आमच्याकडे येत, ती पलीकडच्या रंगाऱ्याकडे गेली. अप्पा दुकानात नुसते बसून राहत. कुणी साडीचं विचारलं तर म्हणत, “होय, चुकलं.” एवढंच. मला ते ऐकवत नसे. अण्णा गेला ते माझ्या हातात नव्हतं, पण अप्पांचं नाव जात होतं आणि ते मला वाचवता येणार होतं, असं मला वाटलं. मी त्यांचीच मुलगी, ते काय करतात ते डोळ्यांत तेल घालून बघत मोठी झालेली.

एका रविवारी वैनीच्या वडिलांना बरं नाही म्हणून अप्पा, आत्या आणि वैनी तिघं सकाळच्या गाडीने नंजनगूडला गेली. परीक्षेचं निमित्त सांगून मी मागे राहिले. साडी धुण्यात पडली होती. ती आधी स्वच्छ धुऊन घेतली, तर काथी रंग भराभर निघाला आणि खालचा हिरवा निम्माअधिक वर आला. दुसरं कुणी असतं तर तिथे थांबलं असतं. मी थांबले नाही. मला तो हिरवा म्हणजे अप्पांच्या चुकीचा पुरावा वाटला.

सगळं नियमाने केलं. काथी रंग मोजून घेतला, त्यात मूठमूठ खडं मीठ टाकलं, कारण मिठाशिवाय रंग सुतात शिरत नाही. घरचं मीठ कमी पडलं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं. अर्धा तास खळखळून उकळी दिली. शेवटी मोरचुदाचं पाणी, त्याने रंग कायमचा अडकतो. गाठीला मात्र हात लावला नाही, ती अप्पांची होती. सावलीत साडी वाळत घातली आणि हात पुसत त्यांची वाट बघत बसले. तार आल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली होती, तेही आठवतं.

ऊन उतरता उतरता तिघं परत आली. वैनी दोरीपाशी थांबली, साडीकडे पाहिलं आणि आत गेली. मी समजले, प्रवासाने दमली. अप्पा जवळ आले. त्यांनी पांढरा रुमाल ओला करून साडीवर घासला, आम्ही नेहमी तपासतो तसा. रुमाल पांढराच राहिला.

“मीठ घातलंस?”

“हो.”

“मोरचूद?”

“तोही. तुम्ही विसरला असाल म्हणून मी...”

अप्पा खाली हौदाच्या कडेवर बसले. नंतर त्यांनी साडीचं टोक हातात घेऊन गाठ चाचपली.

“गाठ सोडली नाहीस.”

“तुमची होती ना अप्पा.”

“बरं केलंस,” ते म्हणाले. मग साडीवर हात फिरवत म्हणाले, “पक्का बसलाय. चांगला बसलाय.” मी ते बक्षीस समजून घेतलं. पुढच्या आठवड्यात नळावर मी ती साडी मुद्दाम सगळ्यांसमोर धुतली आणि स्वच्छ पाण्याची बादली त्या जिभेला हाड नसलेल्या बाईच्या पायापाशी ओतली. गाठोडी परत आली. माझा तोरा काही विचारू नका.

वैनीने शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला, नंजनगूडला शाळेत लागली. आठवडाभर माहेरी, शनिवारी संध्याकाळच्या गाडीने आमच्याकडे. दरवर्षी अण्णाच्या तिथीला ती काथी साडी नेसायची. मी बँकेत लागले. अप्पा गेले, काहिली मोडीत गेल्या, अंगणात घर वाढलं. मी मैसूरच्याच गोकुलम भागात राहायला आले. आता माझ्या वरच्या मजल्यावर योग शिकायला आलेल्या परदेशी मुली राहतात आणि त्यांचे ते झगमगीत कच्चे झगे बादलीत रंग सोडतात. मी पाहते, आणि काही न बोलता पाणी ओतून देते.

आत्या सगळ्यांत जास्त जगली. शेवटची दोन वर्षं माझ्याकडेच होती. डॉक्टरने मीठ बंद केलं होतं आणि त्यावरून तिने माझा जीव खाल्ला. एका दुपारी पेज भरवत होते, तर तोंड फिरवून म्हणाली, “बिनमिठाचं कशाला करतेस? तुझ्या अप्पाने एकदा बिनमिठाचं केलं होतं, ते तू टिकू दिलं नाहीस.”

मला वाटलं, वयामुळे बडबडतेय. पण ती सावकाश सांगत गेली. मिठाची बरणी तिच्या स्वयंपाकघरात असायची. पक्का रंग करायचा असला की अप्पा मीठ मागत. वैनीच्या साडीच्या दिवशी मागितलं नाही. देवळातून आल्यावर तिने बरणी पाहिली, भरलेली तशीच. “तेव्हाच समजलं मला. चार धुण्यांत जाणार, खालचा येणार वर. मी काही बोलले नाही. माझ्या साड्या त्याने पक्क्या केल्या होत्या, मुठी भरभरून मीठ घालून. मी बावीसची, तो सोळाचा. आमचे वडील सांगत होते, हा टाकत होता. ते त्याला कधी सहन झालं नाही. आयतु, झालं ते झालं. तू काय, लहान होतीस.”

माझ्या हातातली पेज गार झाली. ‘होय, चुकलं’ म्हणत दुकानात बसलेले अप्पा मला दिसले. उभ्या आयुष्यात कच्चा रंग न दिलेल्या माणसाने आपला हात गेला असं लोकांना म्हणू दिलं, आपल्या मुलाने केलेला शेवटचा रंग वाचावा म्हणून. आणि मी तो अर्धा तास उकळून बुजवला. मला अप्पांचा राग आला, सांगायचं ना मला, एका शब्दाने सांगायचं. मग कळलं, मला सांगितलं असतं तर मी नळावर बोलले असते. तशीच होते मी.

आत्या गेल्यावर महिन्याभराने मी नंजनगूडला गेले. वैनी आता निवृत्त, देवळाच्या मागच्या गल्लीत एकटी राहते. चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं.

“ठाऊक होतं मला,” ती म्हणाली. “मामांनी साडी देताना सांगितलं होतं, चार धुणी धीर धर म्हणून. दोन झाली होती.”

“मग माझ्यावर ओरडला का नाहीत? इतक्या वर्षांत एकदा तरी?”

“काय ओरडायचं? घरात सगळी मेल्यासारखी बसलेली. तू दोरीजवळ उभी, हात कोपरापर्यंत रंगलेले, आणि हसत होतीस. त्याच्यासारखी दिसलीस मला. आत जाऊन रडले, पण तुला सांगायचं मन झालं नाही.”

ती उठली आणि साडी घेऊन आली. काथी रंग तसाच्या तसा होता, माझ्या मिठाचा गुण. तिने आतलं टोक माझ्यापुढे धरलं. गाठ अजून बांधलेलीच होती, दोरा काळपट होऊन आवळलेला.

“ही सोडली नाहीत?”

“मामांची गाठ. त्यांनीच सोडायची, असं तुम्हीच लोक सांगता ना? ते सोडायचे राहिले. कमरेत खोचली की टोचायची थोडी, तेव्हा समजायचं की आहे. आता तू सोड. तुझ्याशिवाय रंगाऱ्याचं कोण राहिलंय?”

दोरा सुटेना. दातांनी तोडावा लागला. सुरकुतलेलं कापड मी बोटांनी ताणून सरळ केलं. आत तळहाताएवढा हिरवा होता, त्या दिवशी अंगणात झटकला होता तसाच. वैनीने माझा हात धरला. दुसऱ्या हाताचं बोट मी सवयीने ओलं केलं आणि त्या हिरव्यावर घासून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही.